बाजाराचा कोपरा

"आई, कोपरा आला. गाडी बाजूला घे, पुढे मी चालवतो," मागून मुलगा म्हणाला.

तिने गाडी बाजूला घेतली नाही.

घरात गाडी आली तेव्हापासूनचा हा शिरस्ता. मोकळ्या रस्त्यावर तिने चालवायचं, बाजाराचा कोपरा आला की मुकाट्याने उतरून नवऱ्याला जागा द्यायची. "गर्दीत हिच्या हाती गाडी म्हणजे माझ्या जिवाला घोर," असं तो चारचौघांत सांगायचा. सगळे हसायचे, तीही हसायची. त्या हसण्याचा तिला अजून राग होता. एरवीही ती चालवत असली की शेजारी बसून त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहायचा.

आज तो मागच्या सीटवर कुशीवर आडवा होता, डोकं मुलाच्या मांडीवर, पाठीवर ताजे टाके. एकही धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"तिला म्हणावं, उतर," नवरा कण्हला.

"उतरणार नाही. ओरडायचं तर ओरडा, पण हलू नका."

कोपरा मागे पडला. पुढचा रस्ता तुंबलेला. पुढची गाडी हातभर सरकली की आपणही सरकायचं आणि कचकन थांबायचं, हा नवऱ्याचा खाक्या. तिने पुढे चांगली ऐसपैस जागा होऊ दिली. मग पहिल्या गिअरमध्ये क्लच अलगद सोडला आणि अॅक्सिलरेटरला पायही न लावता गाडीला तिच्या चालीने चालू दिलं. मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले.

"बाई, झोपलात का?" शेजारून एकजण ओरडला.

"घाई असेल तर वरून जा!"

पुलाच्या चढावर रांग थांबली. तिने हँडब्रेक ओढला. निघताना क्लच हळूहळू वर आणला, इंजिनाचा आवाज जड झाल्यावरच हँडब्रेक सोडला. गाडी बोटभरही मागे आली नाही.

दाराशी पोचल्यावर मुलगा कुजबुजला, "आई, बाबा बघ..."

तिने वळून पाहिलं. नवरा तोंड उघडं टाकून घोरत होता. उजवा पाय सैल पडला होता. तिच्या गाडीत आजवर त्याने कधी डोळा मिटला नव्हता.

"उठवू?"

"खबरदार!"

इंजिन बंद करताना ही जुनी गाडी थरथरते, म्हणून तिने ते चालूच ठेवलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. गल्लीत मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. तिने मान वळवली नाही.