तेवीस वर्षांचा गॅप

बायको शाळेत जायचं म्हणते, तेही एक्केचाळिसाव्या वर्षी, तर नवऱ्यानं करावं तरी काय? धम्मपालनं आधी हसून घेतलं, मग चिडून घेतलं. दोन्हीचा काही उपयोग होत नाही म्हटल्यावर त्यानं मुकाट अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि उज्वलाला मोटारसायकलवर मागे बसवून बिरवाडीहून महाडच्या तहसील कचेरीवर आणली.

शाळा म्हणजे पोलादपूरचं आयटीआय. ट्रेड इलेक्ट्रिशियन. नंबर तर लागला होता, आता घोडं अडलं होतं शिष्यवृत्तीवर, आणि तिचा अर्ज आज संध्याकाळी पाचला बंद होणार होता. उज्वलानं घरात आधीच सांगून टाकलं होतं, "शिष्यवृत्ती नाय मिळाली तर मी जाणार नाय. आम्रपालीच्या क्लासच्या पैशाला मी हात लावणार नाय." आम्रपाली त्यांची मुलगी, बारावीला. आईचे सगळे कागद तिनंच मोबाईलवरून चढवले होते आणि आता ती घरी शेवटच्या एका कागदाची वाट बघत बसली होती.

बाकीचे कागद कसे जमले ते विचारू नका. जातीच्या दाखल्यासाठी ट्रंक उपसली, आधार बँकेला जोडायला तीन हेलपाटे घातले. उत्पन्न अडीच लाखाच्या आत पाहिजे होतं. धम्मपाल औषधाच्या कंपनीत ठेकेदाराकडचा ऑपरेटर, त्याचा पगार आणि उज्वलाची खानावळ मिळूनही आकडा आरामात आत बसला. ज्या पगाराला त्यानं जन्मभर शिव्या घातल्या, तो असा एकदाचा कामाला आला.

राहिला तो गॅप. उज्वला दहावी पास झाली दोन हजार दोन साली, आणि आता उजाडलं होतं पंचवीस. मधली तेवीस वर्षं बाई होत्या कुठं, ते प्रतिज्ञापत्रावर लिहून, तहसीलमधल्या साहेबांचा सही-शिक्का घेऊन आणा, असं आयटीआयच्या क्लार्कनं गोड शब्दांत सांगितलं होतं. साहेब दोनला बसणार आणि साडेतीनला दौऱ्यावर निघणार.

कचेरीच्या फाटकाबाहेर निळ्या ताडपत्रीखाली सहदेवभाऊ टायपिस्ट बसायचे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि शेजारच्या चहाच्या टपरीवरून ओढून आणलेली वीज. पुढ्यात ही रांग. धम्मपालच्या मागं नेमका चंदू उभा. चंदू त्याच्याच पाळीतला, बिरवाडीतच राहणारा, पोरीच्या शिष्यवृत्तीसाठी आलेला. माणूस वाईट नाही, पण त्याच्या कानात सकाळी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत नाक्यावरच्या कुत्र्यालासुद्धा माहीत व्हायचं.

"काय रे धम्मा, पोरीचं काम?" चंदूनं विचारलं.

"नाय, बायकोचं. आयटीआयला चाललीय."

"वैनी शाळेत? अरे वा! डबा कोण देणार, तू?" चंदू खो खो हसला. धम्मपालही कसनुसा हसला.

नंबर आला. सहदेवभाऊंनी नाव, गाव, साल विचारलं. गॅपचा नमुना त्यांच्याकडे तयारच होता, नुसत्या रिकाम्या जागा भरायच्या. त्यांनी कळ दाबली, आणि प्रिंटर घर्रर्र करून गप्प झाला.

"झालं! गेली लाईट," सहदेवभाऊ म्हणाले.

"लाईट नाय गेली, टपरीवरचा पंखा फिरतोय बघा," उज्वला म्हणाली. तिनं टपरीवाल्याला पिन काढायला लावली, पर्समधून टेस्टर काढला, खाली बसून सहदेवभाऊंचा बोर्ड उघडला. "न्यूट्रलची वायर सुटलीय आत. जळला असता ना प्रिंटर." दोन मिनिटांत वायर कसली, झाकण लावलं, पिन घालायला सांगितली. रांगेतल्या चार पोरांनी टाळ्या वाजवल्या. धम्मपालला ओशाळल्यासारखं झालं आणि थोडं बरंही वाटलं.

प्रिंटर पुन्हा घरघरला आणि उज्वलाच्या हातात कागद आला. तिनं तो मोठ्यानं वाचला. "सन २००२ ते २०२५ या कालावधीत मी घरीच होते. या काळात मी कोणतेही शिक्षण घेतलेले नाही, तसेच कोणतेही काम अथवा धंदा केलेला नाही."

वाचून झाल्यावर तिनं कागद पुन्हा वरपासून बघितला. बोलली ती रांगेतली शकूमावशी. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून नातवाच्या दाखल्यासाठी आली होती. "तेवीस वर्सं काय पन नाय केलंस? मग केस कशानं पांढरे झाले गो तुझे?"

सगळे हसले. उज्वला नाही हसली. "हे मी सही करणार नाय," ती म्हणाली.

"ताई, हा नमुना आहे," सहदेवभाऊ समजावू लागले. "माझ्या वडलांनी टाईपरायटरवर हाच मारला, मीही हाच मारतो. कोणी वाचत नाही तो."

"मी वाचला ना."

धम्मपालनं घड्याळ बघितलं. पावणेतीन. आज हिचा कागद राहिला तर ही पुन्हा कधी शाळेचं नाव काढायची नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. "अगो, कर ना सही! कागदावर लिहिलं म्हणून काय होतंय? वेळ कुठाय?"

"बरं," उज्वला म्हणाली. "आधी तुम्ही करा." आणि तिनं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं ओळखणाऱ्याची जागा होती. 'मी प्रतिज्ञापत्र करणारीस ओळखतो. वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.' खाली धम्मपालचं नाव, त्यापुढं सहीसाठी रेघ.

त्यात काय, म्हणून धम्मपालनं पेन घेतलं. पेन टेकवलं. पहिलं अक्षर निम्मं काढलं आणि हात थांबला. आज सकाळी चार वाजता ही उठली होती. पहिल्या पाळीच्या पोरांचे बावीस डबे भरले, मग आम्रपालीचा, मग याचा. याचा डबा आत्ताही मोटारसायकलला लटकत होता. आणि हा लिहून देणार, की माझ्या माहितीप्रमाणे हिनं काही केलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच!

त्यानं पेन खाली ठेवलं. "सहदेवभाऊ, दुसरा काढा. ही सांगते तसा मारा."

"साडेतीनला साहेब जातात हो!"

"तर मग जरा जोरात मारा."

उज्वला सांगू लागली आणि सहदेवभाऊंची बोटं पळू लागली. दोन हजार दोन ते पाच, माणगावात शिवणाच्या दुकानात काजबटण. पाचला लग्न. सातला मुलगी. सासऱ्यांना अर्धांगवायू, चार वर्षं त्यांचं अंथरुणावरचं सगळं केलं. एकवीसच्या पुरात अख्ख्या आळीचं सामान भिजलं, तेव्हा सत्तावीस मिक्सर आणि नऊ पंखे उघडून, वाळवून चालू केले, त्यातून वायरिंगचं काम शिकले. रांगेला आता घाई उरली नव्हती. एक पोरगा म्हणाला, "काकी, आमचा पण मिक्सर होता त्यात." शकूमावशी प्रत्येक ओळीला "हां, हे घाल!" म्हणून हुकूम सोडत होती.

"मधली वर्षं राहिली की," सहदेवभाऊ म्हणाले. "तेरा ते आजपर्यंत?"

"तेरापासून खानावळ. कामगारांचे डबे."

"खानावळ का काढली? कारण घालतो, म्हणजे साहेब विचारणार नाहीत."

उज्वलानं धम्मपालकडं बघितलं. मग त्याच्या मागं उभ्या चंदूकडं बघितलं. आणि सहज म्हणाली, "लिहा, हौस म्हणून."

धम्मपालच्या कानशिलांत गरम झालं. हौस हा शब्द त्याचाच होता. बारा वर्षं तो बिरवाडीभर हेच सांगत आला होता, बायकोला हौस हाय म्हणून डबे करते, मला काय कमी हाय? खरं असं होतं, की तेरा साली त्याच्या तेव्हाच्या कंपनीनं त्याला कमी केलं आणि हा अडीच वर्षं घरी बसला. घरी तरी कुठला! रोज सकाळी सातला भांग पाडून, कंपनीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघायचा आणि तीन वाजेपर्यंत महाडच्या एसटी स्टँडवर पेपर वाचत बसायचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू नये एवढ्यासाठी. उज्वलानं पहिल्याच महिन्यात खानावळ काढली, अडीच वर्षं घर ओढलं, आणि रोज त्याचा डबाही भरला. एका शब्दानं कधी बोलली नाही. आणि आत्ता, स्वतःच्या एकेका वर्षासाठी भांडत असताना, त्या एका ठिकाणी ती खोटं बोलली. त्याच्यासाठी.

प्रिंटरमधून कागद आला. तिनं सही केली आणि कागद त्याच्यापुढं सरकवला. मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"भाऊ, हौस खोडा," धम्मपाल म्हणाला.

"आता खाडाखोड नको हो!"

"मग नवीन काढा. लिहा, नवऱ्याची नोकरी गेली म्हणून." आवाज चिरका निघाला, म्हणून त्यानं घसा खाकरला आणि पुन्हा मोठ्यानं सांगितलं. "अडीच वर्सं मी बेकार होतो. घर हिनं चालवलं. गॅप माझा हाय भाऊ, हिचा नाय."

सहदेवभाऊंनी नवीन कागद घातला. चंदूकडं बघायची धम्मपालची छाती झाली नाही. उज्वलानं पदर तोंडाला लावला. शकूमावशी तेवढी म्हणाली, "हां, हे पन घाल."

नवीन कागदावर दोघांनी सह्या ठोकल्या आणि धावत साहेबांच्या खोलीत गेले. साहेब पिशवी खांद्याला लावून उभेच होते. "नमुन्यात नाही हे," म्हणत त्यांनी उभ्या उभ्याच वाचायला सुरुवात केली, आणि मग वाचता वाचता पुन्हा खुर्चीत बसले. दोन्ही पानं वाचली. "ओळखणारे तुम्ही? हे सगळं खरं?"

"सगळं, साहेब."

साहेबांनी सही केली, शिक्का मारला, आणि शिपायाला म्हणाले, "गाडी थांबव जरा, या बाईंना आपल्या स्टोअररूमचा बोर्ड दाखव." मग स्वतःच हसले. "गंमत केली. जा तुम्ही, अर्ज भरा."

कचेरीच्या पायरीवर बसून त्यांनी कागदाचे फोटो काढून आम्रपालीला पाठवले. साइट फिरत राहिली. धम्मपाल दर मिनिटाला "झालं काय?" विचारत होता. चार पस्तीसला पोरीचा फोन आला, "आई, गेला अर्ज! पावती आली!" उज्वला फोन कानाला तसाच धरून रडली. रडली म्हणजे चांगली हुंदके देऊन रडली, आणि धम्मपालनं भर कचेरीत तिच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात चंदू येऊन समोर उभा राहिला. आता हा काहीतरी बोलणार, आणि उद्या अख्खी कंपनी हसणार, म्हणून धम्मपालनं मान खाली घातली.

"धम्मा," चंदू हळू आवाजात म्हणाला, "तू पोलादपूरच्या फलाटाला बसायचास. पेपर तोंडावर धरून."

"तुला रे काय माहीत?"

"मी मागच्या बाजूला असायचो. दापोलीच्या फलाटाला." चंदूनं इकडंतिकडं बघितलं. "चौदा साली माझी पण गेली होती. वर्सभर. तुझ्या शर्टावरनं तू कंपनीच्या कामानं येऊन बसतोस असं वाटायचं मला, म्हणून तुला बघितलं की मी मुतारीकडं पळायचो."

उज्वलानं डोळे पुसले. "चंदूभाऊजी, तुमची ललिता तेव्हा माझ्याकडं चपात्या लाटायला यायची. तुम्ही दोघं कुठल्या बाकावर बसता, ते आम्हाला ठाऊक होतं."

"आं? मग बोलला का नाय तुम्ही?" दोघं एकदमच ओरडले.

"दोनदा ठरवलं होतं. पण तुम्ही एवढे भांग पाडून, टापटीप होऊन निघायचात, म्हटलं कशाला मन मोडा."

धम्मपालनं कपाळावर हात मारून घेतला. "आयला चंद्या! अरे अख्खं वर्स! पत्ते तरी कुटले असते रे!"