सूबेदारांच्या मशीनचा आंबूस वास

टिब्बी गावात सूबेदार अजैब सिंहांइतका हुशार माणूस दुसरा नाही, असं सूबेदार स्वतःच सांगत. हे काम दुसऱ्यावर सोपवावं इतका त्यांचा कुणावर भरवसा नव्हता.

त्यांची बायको बचिंत कौर चाळीस वर्षं हे ऐकत आली होती. ऐकता ऐकता तिनं गोठा साफ केला, दोन पोरं वाढवली, हजारो पराठे लाटले आणि मनाशी एक मत पक्कं केलं: सूबेदारांपेक्षा म्हैस बरी. म्हैस निदान शेपटीनं स्वतःची माशी तरी हाकलते.

इटलीत गाई सांभाळणाऱ्या मुलानं हिवाळ्यात घरी वॉशिंग मशीन पाठवलं. गावात मशीनं होती, पण ती वरून झाकण उघडणारी. याच्या पोटालाच काचेचं गोल दार. सूबेदारांनी पहिल्याच दिवशी त्याच्यावर कागद चिकटवला, ‘अनधिकृत व्यक्तींनी हात लावू नये.’ घरात माणसं तीन. सूबेदार, बचिंत कौर आणि लग्नाला आलेली मुलगी सुखरीत. तेव्हा अधिकृत कोण आणि अनधिकृत कोण, हे निराळं लिहायची गरज पडली नाही.

बचिंत कौरनं त्या कागदाकडे एकदा पाहिलं, आपली कपडे बडवायची थापी उचलली आणि पंपाकडे निघून गेली. ज्या वस्तूला पाटी लावावी लागते ती वस्तू आणि जो माणूस पाटी लावतो तो माणूस, दोघांनाही ती सारखंच मोजत असे.

वैशाखात तिच्या भावाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून ती पंधरा दिवस माहेरी गेली. परतली तर घरात दोन नव्या गोष्टी. एक म्हणजे सूबेदारांची कवळी. जुनी, फौजेच्या इस्पितळात बसवलेली, त्यांच्या अभिमानाची कवळी नाहीशी झाली होती आणि तिच्या जागी बोलताना खडखड वाजणारी नवी आली होती. जुनीचं काय झालं, तर म्हणे कुस्त्यांच्या मेळ्याच्या दिवशी ते अंगणात मोकळेपणी हसत होते, तेवढ्यात घारीनं झडप घातली आणि कवळी घेऊन गेली. बचिंत कौरला हे पटलं नाही. घारीला अक्कल असते.

दुसरी गोष्ट म्हणजे वास.

आधी तो सदऱ्यांना लागला, मग चादरींना, मग सूबेदारांच्या सात हाती पगड्यांना. आंबट, कोंदट, पोटातून आल्यासारखा. नकोदरच्या बसमध्ये सूबेदारांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. फौजी माणसाचा मान ठेवतात लोक, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं. वाळत घातलेल्या पगडीवर एक कावळा बसला, तो उडताना वाट चुकला आणि तेव्हापासून विहिरीभोवतीच फिरत राहिला. इतकंच काय, स्वतःच्या शेणात आपखुशीनं लोळणारी घरची ती म्हैस, सूबेदार गोठ्यात शिरले की तोंड फिरवून भिंतीकडे पाहायची.

सूबेदारांनी कारण लगेच शोधलं. बायको. गोठ्यातले कपडे हिनं चोरून मशीनमध्ये घातले असणार. हे त्यांनी घरात सांगितलं असतं तर एक वेळ चाललं असतं. त्यांनी ते चावडीपुढच्या पिंपळाखाली, पत्ते कुटणाऱ्या म्हाताऱ्यांपुढे सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावातल्या बायका बचिंत कौरला विचारू लागल्या की बहेनजी, तुमच्याकडे साबण संपलाय का? ज्या बाईच्या ताकाच्या रांजणात तोंड बघून घ्यावं, तिला.

तिला काळजी होती ती वेगळीच. रविवारी सुखरीतचं लग्न होतं आणि नवरदेवाचा बाप होता गुरमेज सिंह, दारूबंदी खात्यातून निवृत्त झालेला इन्स्पेक्टर.

या गुरमेज सिंहाचं नाक म्हणजे सरकारी मालमत्ताच. सर्दी झालेली असताना, एका नाकपुडीच्या बळावर, त्यानं वाहत्या कालव्याच्या तळाशी पुरलेलं हातभट्टीचं पिंप शोधून काढलं होतं. आता निवृत्तीनंतर ते नाक रिकामंच होतं, म्हणून तो नाकानं कांदे सोलत बसे. थोरल्या मुलाचं ठरलेलं लग्न त्यानं मोडलं होतं, कारण मुलीच्या मामाच्या पगडीला त्याला कच्च्या दारूचा वास आला. मामाचा बिचाऱ्याचा लोणच्याचा धंदा. पण नाकापुढे साक्षीपुरावा चालत नाही.

आणि लग्नाच्या दिवशी सगळ्यात आधी असते मिलनी. दोन्हीकडचे बाप हार घालतात, छातीला छाती लावून मिठी मारतात, जमलंच तर एकमेकांना उचलतातही. म्हणजे गुरमेज सिंहाचं नाक थेट सूबेदारांच्या गळ्यात. सूबेदारांच्या कपड्यांना जो वास येत होता तो हुबेहूब हातभट्टीसाठी आंबत घातलेल्या गुळाचा. मिठी सुटायच्या आत लग्न मोडलं असतं.

सूबेदार कामाला लागले. पहिल्या दिवशी मशीनमध्ये फिनेलची बाटली. दुसऱ्या दिवशी मूठभर डांबराच्या गोळ्या. त्या आत अशा तडतडल्या की पलीकडच्या गल्लीतला एक माजी शिपाई जमिनीवर आडवा पडला. तिसऱ्या दिवशी गुलाबाचं अत्तर. वास गेला नाही, उलट नटूनथटून बाहेर आला. मग नकोदरहून मेकॅनिक आला. त्यानं पेचकसानं मशीनला तीन ठिकाणी टकटक केलं, काचेला कान लावला आणि मोटर बदलावी लागेल म्हणाला. बचिंत कौरनं त्याला चहा दिला, पण बिस्किट दिलं नाही.

सूबेदार म्हणाले, “लग्नाच्या दिवशी नवे कपडे घालीन. न धुतलेले.”

“आणि पगडी?” तिनं विचारलं.

पगडी न धुता, न ताणता, कोऱ्या कापडाची बांधणं म्हणजे डोक्यावर चादर गुंडाळणं. हे सूबेदारांनाही ठाऊक होतं, आणि परदेशी मशीन घरात असताना पगडी पंपावर धुऊन आणणं त्यांच्या मानात बसेना. शिवाय घरभर पाहुण्यांसाठी धुऊन ठेवलेल्या वीस चादरी होत्याच. ते गप्प बसले. त्यांचं गप्प बसणं इतकं दुर्मिळ की सुखरीत स्वयंपाकघरातून पाहायला आली.

गुरुवारी सूबेदार बँडवाल्यांना हुशारी शिकवायला जालंधरला गेले. बचिंत कौर मशीनपुढे आली. तिनं कागद फाडला, त्याची सुरळी करून चुलीत घातली, गोल दार उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यात नाक घातलं.

ती हसली. हा वास ती जन्मापासून ओळखत होती. नव्यानं नांदायला आलेली एखादी आळशी पोर ताक घुसळते, रांजण तसाच ठेवते, वर झाकण लावते आणि दोन दिवस माहेरी जाते, तेव्हा असा वास येतो. इथं कपडे धुतले गेले नव्हते. इथं लस्सी घुसळली होती.

“सुखरीत,” ती न वळता म्हणाली, “घार कुठल्या बाजूनं आली होती गं?”

सुखरीत ओढणीच्या टोकाशी खेळू लागली. मग म्हणाली, “बीजी, बापूजींनी शपथ घातली होती.”

“शपथ न बोलण्याची होती ना? मग मान हलव. लस्सी?”

मान हलली. आणि एकदा हलली म्हटल्यावर तोंडही सुटलं. सडकेवरचा ढाबेवाला नाजर सिंह कैक वर्षं आपल्या वरच्या झाकणाच्या मशीनमध्ये लस्सी घुसळतो; ते मशीन त्याच कामाचं, त्यात रुमालसुद्धा कधी धुतलेला नाही. कुस्त्यांच्या मेळ्यात पैलवान त्याचंच नाव घेत होते. सूबेदारांना ते सोसवेना. ढाबेवाल्याच्या डबड्यात जी लस्सी होते, ती मुलाच्या परदेशी कमाईच्या मशीनमध्ये काय होईल, असा त्यांनी विचार केला. विचार एकदाच केला. मशीनमधले कपडे बाहेर काढले, साबणाच्या खणातून पळीपळीनं दोन बादल्या दही ओतलं आणि लोकरी कपड्यांचं बटण दाबलं. शेवटी दार उघडून चव घ्यायला तोंड आत घातलं, तर लस्सीच्या लोंढ्याबरोबर...

“कवळी,” बचिंत कौर म्हणाली.

“लस्सी चांगली झाली होती, बीजी. दोन पैलवानांनी घेतली.”

“पैलवान काहीही घेतात.”

मग तिनं बाह्या सरसावल्या. मशीन म्हणजे रांजणच, फक्त वीज खाणारा. साबणाचा खण ओढून बाहेर काढला. मागे दह्याची पोपडी धरलेली. खाली कोपऱ्यातली छोटी झडप उघडली, खाली परात धरली. करडं पाणी आलं आणि त्यामागून लोण्याचा लिंबाएवढा गोळा, पनीर होऊन, पनीरचंही पुढं काहीतरी होऊन बसलेला. दाराभोवतीच्या रबराची घडी उलटी केली. तिथं, काळ्या बुळबुळीत पन्हाळीत, सूबेदारांची जुनी कवळी दात विचकून बसली होती.

तिनं ती चिमट्यानं उचलली आणि सोड्याच्या पाण्याच्या वाटीत टाकली. रबराची घडी कापडानं तीनदा पुसली. पोटात कढत पाणी आणि उसाच्या रसाचा दोन वर्षं मुरलेला सिरका घालून मशीन रिकामंच फिरवलं. मग नुसता सोडा घालून पुन्हा एकदा. मग दार सताड उघडं टाकलं आणि पुढे पंखा लावला. शुक्रवारी दुपारी पगड्या, चादरी, सदरे पुन्हा धुऊन दोरीवर आले, तेव्हा त्यांना उन्हाशिवाय कसलाही वास नव्हता. विहिरीभोवतीचा कावळा त्या दिवशी घरी गेला.

सूबेदार परतले. त्यांनी हुंगलं आणि म्हणाले, अत्तराचा परिणाम उशिरा होतो.

बचिंत कौरनं वाटी त्यांच्यापुढे ठेवली. “घारीनं परत आणून दिली.”

सूबेदारांनी वाटीत पाहिलं. “प्रामाणिक निघाली,” ते म्हणाले.

“आता पिंपळाखाली जा,” ती म्हणाली, “आणि वास कुणाचा होता ते सांगून या. पत्त्यांचा डाव मोडायच्या आत. आणि ही कवळी सोमवारपर्यंत वाटीतच राहील. महिनाभर त्या घाणीत होती.”

ते गेले. त्यांनी तिथं काय सांगितलं ते भिंतीपलीकडून ऐकू आलं: आपण एक शास्त्रीय प्रयोग केला, ढाबेवाल्याचं तंत्र किती मागास आहे ते सिद्ध झालं, आणि बायकोला त्याचं मोल कळलं नाही. पण लस्सी आपणच घुसळली, हे एकदा त्यांच्या तोंडून गेलं, आणि म्हातारे इतके हसले की एकाला पाणी पाजावं लागलं. बचिंत कौरला तेवढं पुरलं. सूबेदारांकडून अख्खी कबुली मागणं म्हणजे रेड्याकडे दूध मागणं.

रविवारी सकाळी सगळे गुरुद्वाराच्या दारी उभे राहिले. समोरून बँड आला, मागून गुरमेज सिंह, नाक पुढे. सूबेदारांच्या डोक्यावर पिस्ता रंगाची पगडी अशी चोख बसली होती की बचिंत कौरलाही क्षणभर बरं वाटलं. तेवढ्यात ते तिच्याकडे वळले आणि म्हणाले, “बघ, कसा दिसतो.”

शब्दांबरोबर वास आला. सूबेदार खडखड न करता बोलले होते. वाटीतली कवळी त्यांच्या तोंडात होती.

वऱ्हाड दहा पावलांवर होतं. ती ओढणीआडून, ओठ न हलवता म्हणाली, “सूबेदार, मुलगी गाडीत बसेपर्यंत तोंड उघडलंत तर लग्न मोडलं समजा. एक शब्द नाही. हसूसुद्धा नाही.”

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिचं पुरतं ऐकलं, कारण तिच्या डोळ्यांत त्यांना थापी दिसली. मिलनी झाली. गुरमेज सिंहानं मिठी मारली, पगडीशी एक लांब श्वास घेतला, मग खांद्याशी दुसरा. सूबेदारांनी ओठ असे मिटले होते की मिशा उभ्या राहिल्या. गुरमेज सिंहानं त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. सूबेदारांनी मान हलवली. जेवताना चपातीचा एक तुकडाही तोंडात गेला नाही. आनंदकारजचे फेरे झाले, फोटो झाले, सुखरीत रडत गाडीत बसली. सूबेदारांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंड बंद.

निघताना गुरमेज सिंह बचिंत कौरला म्हणाला, “बहेनजी, फार सोयरे पाहिले. सगळे बडबडे. पण सूबेदारांसारखा विचारी, गंभीर माणूस मी पाहिला नाही. आणि कपड्यांचा वास, नुसतं ऊन.”

“तसेच आहेत ते,” बचिंत कौर म्हणाली.

घरी आल्यावर तिनं मशीनकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. सूबेदारांकडे पाहिलं, ते अजून तोंड मिटूनच बसले होते, परवानगीची वाट बघत. तिनं ओढणी काढून खुंटीला लावली, म्हशीला वैरण टाकायला गेली आणि परवानगी द्यायची काही घाई केली नाही.