सतरावी पेटी

मामांनी दगडाचा दांडा पाण्यात बुडवला आणि खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरला. दगड ओला केला की कण नीट दिसतात. वर जाड वाळू, तिच्याखाली बारीक, तळाला गाळ. त्यांनी पेटीतले बाकीचे दांडेही पाहिले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

जमिनीत खोल भोक पाडून काढलेले हे दांडे गोदामातल्या पेट्यांत क्रमाने लावलेले असत, वरचा थर आधी. पंचवीस वर्षं मामा त्यांची राखण करत होते. आपल्या हातून एक खडा इकडचा तिकडे झाला नाही, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पण उन्हाळ्यात ही सतरावी पेटी हातातून निसटली. दांड्यांवरचे, वरची बाजू दाखवणारे बाण कधीच पुसले गेले होते, म्हणून त्यांनी तुकड्याला तुकडा जुळवून ते परत लावले. जुळले अगदी बरोबर, फक्त सुरुवात चुकीच्या टोकाकडून झाली.

पुराच्या पाण्यात जड वाळू आधी बसते, हलका गाळ मागाहून. वरचं ओझं वाढत जातं आणि लाखो वर्षांनी त्याचाच दगड होतो. म्हणजे जाड खाली, बारीक वर. हे मामांना भाचीनेच शिकवलं होतं. याच पेट्यांवर ती दोन वर्षं प्रबंध लिहीत होती आणि महिनाभर सतराव्या पेटीशी अडून बसली होती. तेवढ्या जागी जमीन घडी पडून उलटली असावी, असं अखेर तिने लिहिलं. उद्या ते सरांना दाखवायचं होतं.

गप्प बसावं, असं मामांना मनापासून वाटलं. कोण विचारायला येणार होतं? पण उद्या पोरीचं हसं झालं असतं, तेही त्यांच्यापायी. भाची शेजारच्या खोलीत लिहीत बसली होती. ते तिच्या दारात जाऊन उभे राहिले आणि खाली बघतच सगळं सांगून मोकळे झाले.

भाची उठून गोदामात आली. तिने सतराव्या पेटीतला शेवटचा दांडा उलटा धरून सोळाव्या पेटीतल्या शेवटच्या तुकड्याला लावून पाहिला. फट राहिली नाही. ती तिथेच स्टुलावर बसली.

"दोन वर्षं पाण्यात घातली ना गं मी तुझी?"

"दोन पानं बदलतील, मामा." तिने डोळे पुसले. "घडीबिडीवर माझाच विश्वास नव्हता. पण तुझ्या पेट्या कधी चुकत नाहीत, म्हणजे मलाच दगड वाचता येत नाहीत, असं धरून चालले होते. उद्या सरांना प्रबंध दाखवणार नव्हते. विषय सोडतेय, असं पत्र देणार होते."

मामांना सुटल्यासारखं वाटत होतं आणि लाजही वाटत होती. शेवटी त्यांनी ते पत्र मागितलं.

"आधी ही पेटी नीट लावू," ती म्हणाली. "पत्र काय, जेवायला जाताना फाडू."