मेहुण्यांचं मोठं इंजिन

माझे मेहुणे चष्म्याचं दुकान चालवतात. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवायच्या आणि "तुमच्या चेहऱ्याला हीच शोभते" असं प्रत्येकाला सांगायचं, हा त्यांचा धंदा. त्यात वाईट काही नाही. पण पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांनी एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली, आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

गाडी मात्र देखणी. दोनच माणसांची, उघड्या छपराची, पन्नास वर्षांपूर्वीची. जनावरांच्या एका निवृत्त डॉक्टरीणबाईंनी ती लेकरासारखी जपली होती. चार सिलिंडरचं छोटं इंजिन, पण गाडीच इतकी हलकी की ते पुरून उरायचं. बाबांच्या मागे बावीस वर्षं मी गॅरेज चालवतेय. इतकी अंगाने नेटकी गाडी माझ्या हाताखालून फार तर दोनदा गेली असेल.

मेहुण्यांनी सगळ्यात आधी काय घेतलं, तर हातमोजे. चामड्याचे, पेरांवर भोकं असलेले. मग जुन्या गाड्यांच्या क्लबात नाव घातलं. तिथे स्वतःची ओळख 'कॅप्टन' अशी करून द्यायचे. कशाचे कॅप्टन, ते कुणी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. महिन्यातून एकदा ही दहा-बारा मंडळी डोंगराच्या रस्त्याने वर जायची, वर चहा प्यायची आणि खाली यायची. अशाच एका रविवारी चढावर पावाच्या व्हॅनने त्यांना मागे टाकलं. जाता जाता व्हॅनवाल्याने हात हलवला म्हणे. तो हात मेहुण्यांच्या जिव्हारी लागला.

तीन आठवड्यांनी गॅरेजसमोर टेम्पो उभा राहिला. त्यात ताडपत्रीखाली एका ठोकलेल्या मोठ्या गाडीचं इंजिन होतं. विचारणं वगैरे काही नाही, सरळ वरातच घेऊन आले.

"सहा सिलिंडर," ताडपत्री बाजूला करत ते म्हणाले. "ताकद दुप्पट."

"आणि वजन?"

"वजनाचं काय?"

"जुन्यापेक्षा नव्वद किलो जास्त आहे. म्हणजे बॉनेटखाली एक मेहुणा कोंबून फिरणार तुम्ही."

त्यांना विनोद कळला नाही. "मी सगळा अभ्यास केलाय, ताई."

अभ्यास म्हणजे व्हिडिओ. एक दाढीवाला बारा मिनिटांत जुनं इंजिन काढतो, नवं बसवतो आणि धूर काढत निघून जातो. मधले दोन महिने, सोललेली बोटं आणि न जुळणारे बोल्ट त्याने कापून टाकलेले असतात. मी मेहुण्यांना सांगितलं, की पुढचा भाग खाली बसेल, स्प्रिंगा बदलाव्या लागतील, रेडिएटर पुरणार नाही, आणि ब्रेक तर अजिबात नाही. ते मान हलवत होते. माणूस दुसऱ्याचा फोन संपायची वाट बघताना हलवतो, तशी. मी साफ नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी बहीण, म्हणजे त्यांची बायको, आली. ती एका आर्किटेक्टकडे नकाशे काढते. बोलणं मोजकं, रेघ सरळ.

"ताई, तू नाही केलंस तर तो कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे जाईल."

"जाऊ दे."

"त्या गाडीत मीपण बसते."

मग काय बोलणार? मी एक अट घातली. आधी नवे ब्रेक, मग स्प्रिंगा, मग इंजिन, याच क्रमाने. मेहुणे लगेच कबूल झाले. ते कशालाही लगेच कबूल होतात. ब्रेकचे मोठे सुटे भाग यायला दोन महिने लागणार होते. तोवर इंजिन कोपऱ्यात पडून, आणि रोज दुकान बंद करून मेहुणे त्याच्यापुढे उभे. चौथ्या दिवशी मी वैतागले आणि चेनकप्पी लावली. क्रम मी मोडला, हे मला कबूल आहे.

काम किचकट होतं. इंजिन पुढे घेतलं तर पंख्याला लागे, मागे घेतलं तर बसायच्या जागेत घुसे. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी प्लेट मी स्वतः लेथवर काढली, तीनदा. चासीला आधार दिले, एक्झॉस्ट वाकवला, बॉनेटला फुगवटा काढला. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. मेहुणे लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते. मग त्यांनी हातमोजे चढवले, माझ्या हातातला पाना घेतला, बॉनेटवर वाकले आणि फोटो काढून घेतला.

तो फोटो दोन दिवसांनी बहिणीनेच मला दाखवला. क्लबाच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'सात आठवड्यांची माझी मेहनत. पाने हातात द्यायला मेहुणीची मदत झाली.' त्यावर क्लबाच्या अध्यक्षांनी, म्हणजे एका औषधवाल्याने, तीन अंगठे उठवले होते.

मी फोन तिला परत दिला. दुसऱ्या एका गाडीच्या ब्रेकच्या पॅडवर पॉलिश पेपर घासत बसले.

शनिवारी दुपारी मेहुणे किल्ली मागायला आले. दुसऱ्या दिवशी क्लबाची वर्षातली मोठी फेरी होती. ब्रेकचे भाग पुढच्या गुरुवारी यायचे होते.

"ब्रेक जुनेच आहेत," मी म्हटलं. "चढाला काही कळणार नाही. उताराला तापतील."

"ताई, मी पंचवीस वर्षं गाडी चालवतोय."

किल्ली माझ्या खिशात होती. नाही म्हटलं असतं तर ते दोन मिनिटं फुगले असते आणि रिक्षाने घरी गेले असते. पण माझ्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र होतं. डोंगर उतरताना चाकांतून वास येतोय, पाय दाबला की नुसता जातोय, कॅप्टन पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या चालीने उतरतायत आणि मागे अख्खा क्लब हॉर्न वाजवत रांगेत. ते चित्र मला फार आवडलं. मी किल्ली दिली.

त्या चित्रात शेजारची सीट रिकामी होती.

रविवारी दुपारी औषधवाल्याचा फोन आला. वर जाताना मेहुण्यांनी सगळ्यांना मागे टाकलं होतं. उतरताना तिसऱ्या वळणावर ब्रेक लागलाच नाही. गाडी रस्ता सोडून एका रोपवाटिकेत घुसली आणि मातीच्या ढिगात अडकली. मेहुण्यांना ओरखडाही नाही. बहिणीने सावरायला डॅशबोर्डवर हात टेकला होता. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा प्लास्टर चढलं होतं. मेहुणे बाहेरच्या बाकावर फोनवर बोलत होते, "अहो, ताकदच इतकी, की ब्रेक पुरेनात." हातमोजे अजून हातात होते.

मी आत गेले. बहीण छताकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"मी त्यांना सांगितलं होतं."

"त्याला काय सांगितलंस ते नको. तुला माहीत होतं का?"

"हो."

"मग किल्ली का दिलीस?"

मी फोटोचं सांगितलं. सांगतानाच ते किती फालतू आहे हे कळत होतं, पण अर्ध्यावर थांबता येईना. तिने सगळं ऐकून घेतलं.

"त्याला अक्कल नाही, हे मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात कळलं," ती म्हणाली. "तुला आहे असं वाटत होतं. जा आता."

नंतर सहा आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. ऑफिसातून रजा, नकाशे बंद. मेहुणे मात्र नेमाने गॅरेजात यायचे. माझ्यावर राग नव्हता त्यांचा. त्यांना तसं सुचलंच नाही. त्यांच्या लेखी तो अपघात म्हणजे इंजिनाचं प्रशस्तिपत्र होतं. दुकानात गिऱ्हाइकाच्या कानामागे काड्या बसवता बसवता ते तिसऱ्या वळणाची गोष्ट सांगायचे, आणि दर वेळी वेग थोडा वाढायचा. मी नवे ब्रेक बसवले, स्प्रिंगा बदलल्या, आणि काम तपासून होईपर्यंत किल्ली घरी कपाटात ठेवली. त्यांच्यावर हसायचा माझा हक्क गेला होता. हे मला सगळ्यात जास्त झोंबलं.

एका हाताने तिला वेणी घालता येत नव्हती. मेहुण्यांनी एकदा प्रयत्न केला, गाठीच गाठी. म्हणून रोज सकाळी गॅरेज उघडायच्या आधी मी तिच्याकडे जाऊ लागले. ती दार उघडायची, कंगवा माझ्या हातात द्यायची आणि पाठ करून बसायची. मी विंचरायची, वेणी घालायची आणि निघायची. महिनाभर आमच्यात एक शब्द नाही.

प्लास्टर निघायच्या आदल्या दिवशी आतल्या खोलीत मेहुणे कुणाला तरी फोनवर सांगत होते, की पुढच्या वर्षी आठ सिलिंडर.

माझा हात थांबला. बहिणीने एक लांब श्वास सोडला.

"सैल घालतेस रोज," ती म्हणाली. "घट्ट घाल."

मी वेणी सोडली आणि पहिल्यापासून घालायला घेतली.