पोट भरलेले डास

शेजारपाजारचे तिला डासबाई म्हणत आणि तिच्या हातचा चहा घेताना हळूच नाक मुरडत. ती संशोधन संस्थेत डास पाळायची. एखाद्या औषधाची परीक्षा घ्यायची असली की ते अंगाला चोपडून हात सरळ डासांच्या पिंजऱ्यात घालायची. या कामाची तिला कधी किळस आली नाही. डास भूक लागली की चावतो, पोट भरलं की गुपचूप भिंतीला बसतो. त्यात लपवाछपवी नाही.

किळस यायला लागली ती सरकारनं अनुदानाला कात्री लावल्यावर. स्वतःच्या पायावर उभे राहा, असं वरून फर्मान आलं, आणि संचालक लगोलग एका कंपनीच्या पायाशी जाऊन बसले. कंपनीनं डासघराला नवा एसी दिला, संचालकांना फिरती खुर्ची दिली आणि डास पळवणारं मलम तपासायला दिलं. नळीवर 'दिवसभर संरक्षण' असं आधीच छापून तयार होतं.

पहिल्या परीक्षेत मलमानं तासाभरात मान टाकली. संचालक म्हणाले, पुन्हा करा. तिनं पुन्हा केली, तर एकही डास हाताकडे फिरकेना. तिनं पिंजरा उजेडात धरला. सगळ्या माद्यांची पोटं टम्म फुगून लालभडक झालेली. परीक्षेआधी डास उपाशी ठेवायचे, हा या कामातला पहिला धडा. इथे कुणीतरी त्यांना रक्ताची मेजवानी दिली होती.

"मीच सांगितलं," खुर्चीत अर्धी गिरकी घेत संचालक म्हणाले. "मुक्या जिवांना उपाशी ठेवणं बरं दिसत नाही, बाई."

तिनं सही करायला साफ नकार दिला. संचालकांनी आपल्याच हातानं शिक्का मारला आणि मलम बाजारात गेलं. मग तापाची साथ आली. वहिनीचा फोन आला तेव्हा भाची इस्पितळात होती, तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

"रोज न चुकता लावत होते हो, वन्सं," वहिनी म्हणाली. "तुमच्या संस्थेचा शिक्का बघूनच घेतलं होतं."

त्या शिक्क्याखाली आपण रोज कामाला जातो, याचीच तिला शिसारी आली.

भाची अजून सलाईनवर असतानाच सरकारी समिती संस्थेत आली. अनुदान पुन्हा सुरू करायचं की कायमचं गुंडाळायचं, ते या समितीला ठरवायचं होतं. पाहुण्यांचं जेवण अर्थातच कंपनीकडून. मंडळी आडवा हात मारत असताना ती मलम चोपडून डासघरात थांबली होती. डास तिनं आदल्या दिवसापासून उपाशी ठेवले होते. समिती ढेकर देत आत आली, तेव्हा तिनं डावा हात पिंजऱ्यात घातला. बघता बघता तो मनगटापासून कोपरापर्यंत डासांनी काळा झाला.

"हेच मलम माझी वहिनी भाचीला लावत होती," ती म्हणाली. "साहेब, भुकेले डास कुठलीच कंपनी पाळणार नाही. ते सरकारलाच पाळावे लागतील. आम्हाला पैसे द्या, आणि निकाल काय यायला हवा ते आम्हाला कुणीच सांगू नका. तुम्हीसुद्धा."

संचालकांचा चेहरा पांढरा पडला. समितीचे अध्यक्ष मात्र शांतपणे दात कोरत राहिले.

"तुमची कळकळ पोचली," ते म्हणाले. "पण कंपनी एवढं सगळं सांभाळतेय, तर सरकारनं मध्ये कशाला पडायचं?"

त्यांनी तिचा उजवा हात दोन्ही हातांत घेऊन प्रेमानं दाबला. निघताना प्रत्येकाला कंपनीची भेटीची पिशवी मिळाली. अध्यक्षांनी दारातच ती उघडली, आतली मलमाची नळी काढून टेबलावर ठेवली आणि बाकीचं सगळं घेऊन गेले.

म्हणजे त्यांना कळलं होतं.

ती नळाखाली गेली आणि साबण लावून हात खसाखसा धुऊ लागली. डावा तसाच सुजत होता, त्याच्याकडे तिचं लक्षही नव्हतं. ती उजवा धूत होती.