बाहेरगावचा अंगठा

दिवाळी सरली आणि गोजरबाईंच्या रानात कापूस असा फुटला की पिंपळगाव राजात लोक म्हणू लागले, यंदा बाईला देव पावला. पावला खरा, पण वेचायला माणसं द्यायचं तो विसरला. गावातल्या बाया ज्याच्या-त्याच्या रानात गुंतलेल्या. शेवटी बाईंनी मेळघाटातून एक कोरकू कुटुंब आणवलं. सुमरती, तिचा नवरा आणि लेक जमुना. त्यांची सोय विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत केली. खोलीला दार नव्हतं, पण हवा भरपूर होती. असल्या हवेसाठी शहरातले लोक चिखलदऱ्याला जातात, असं बाई सुमरतीला कौतुकानं सांगत. सुमरती चिखलदऱ्याच्या पायथ्याचीच होती.

गाठोड्यातले तांदूळ संपले तशी ती राशन दुकानात गेली. दुकानदार नारायणराव मोठे धर्मात्मा माणूस. देवळाच्या भंडाऱ्यात स्वतः हातात वाढणं घेऊन पंगतीत फिरत. अन्नदान ते देवळाच्या धान्यातून करत आणि नकार सरकारच्या धान्यातून देत. तू तिकडची, तुझं धान्य तिकडं, असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं. ती पुन्हा गेली, पुन्हा तेच ऐकून आली. मग तिनं गोजरबाईंना सांगितलं की आम्ही गावाकडं जाऊन धान्य घेऊन येतो.

ऐन वेचणीत डोंगर चढलेला मजूर होळीआधी खाली उतरत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पांढरंशुभ्र रान डोळ्यांपुढं आलं आणि त्याच क्षणी गोरगरिबांच्या हक्कांविषयी त्यांच्या मनात अपार कळवळा दाटून आला. पदर खोचून, सुमरतीला पुढं घालून त्या दुकानात गेल्या.

नारायणरावांनी आधी समजावून पाहिलं. "वहिनी, हे बाहेरचे लोकं हायेत. त्यायचं नाव त्यायच्या गावात हाय."

"अन् तुमच्या डोक्यावर ते पाटी कायची हाय हो, भाऊजी?"

पाटी सरकारी होती. कार्डवाल्याला कुठल्याही राशन दुकानात धान्य मिळेल, असं तिच्यावर ठळक लिहिलेलं होतं. नारायणरावांनी तिच्यावर देवाचं कॅलेंडर टांगलं होतं, तेवढं बाईंनी बाजूला सारलं. मग सर्व्हर बंद असल्याचं निघालं. बाई म्हणाल्या, होईल चालू, आणि गव्हाच्या पोत्यावर ऐसपैस बसल्या. त्या दिवशी मागच्या दारानं एक टेम्पो यायचा होता, आणि तो गोजरबाईंच्या देखत यावा अशी नारायणरावांची इच्छा नव्हती. त्यामुळं सर्व्हर लवकरच चालू झाला.

सुमरतीचा अंगठा कापसाच्या बोंडांनी ओरबाडलेला. मशीननं आधी तो ओळखला नाही. तिनं हात धुतला, लुगड्याला पुसला, पुन्हा टेकवला. मशीननं तिचं नाव दाखवलं. घरचं माणूस फितूर व्हावं तसे नारायणराव त्या मशीनकडं पाहत राहिले, मग त्यांनी मुकाट्यानं धान्य मोजलं.

ही हकीकत बाईंनी गावभर सांगितली. दर सांगण्यात नारायणराव थोडे जास्त घाबरत गेले आणि सुमरती थोडी जास्त रडत गेली. खरं तर ती रडली नव्हतीच. बाईंचे यजमान वामनराव तेवढं म्हणाले, "कापूस वाचला नं, बस झालं मंग." त्यावर बाई दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात सुमरती पुन्हा दारात उभी राहिली. जमुनाला इथल्या शाळेत घालायचं म्हणाली. आता जमुनाचे हात लहान आणि चपळ होते, बोंडातला कापूस काडीकचरा न लागता निघे. बाईंना शिक्षणाचं महत्त्व मान्यच होतं, पण वेचणी अर्ध्यावर होती.

"तिचं नाव तुह्या गावच्या शाळेत हाय नं," त्या समजुतीनं म्हणाल्या. "मंग इथं काऊन?"

सुमरतीनं थोडा विचार केला. "बाई, राशन का नाम भी तो वहीं था."

चुलीवर दूध नसताना बाई दूध उतू चाललंय म्हणून आत गेल्या.

सुमरतीनं वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी जमुनाचे केस विंचरून ती स्वतःच शाळेत गेली. तिथल्या छाया मॅडमनी, दाखल्याचं मागाहून बघू, असं सांगून पोरीला वर्गात बसवलं. राहिलेला कापूस वेचायला मग खुद्द गोजरबाई वाकल्या. कंबर धरली की त्या शाळेच्या दिशेनं बघत आणि पुटपुटत.

सव्वीस जानेवारीला गावानं त्यांचा सत्कार केला. स्थलांतरितांना धान्य आणि त्यांच्या लेकीला शिक्षण मिळवून दिल्याबद्दल शाल-श्रीफळ, तेही नारायणरावांच्या हस्ते. शिक्षणाचा उल्लेख आला तेव्हा बाईंनी नम्रपणे मान खाली घातली. खाली घातली खरी, पण समोर पोरांच्या रांगेत बसलेली जमुना डोळ्यांसमोरून जाईना. सुमरतीला बोलावणं नव्हतं. ती गावची नव्हती, आणि बाईंच्याच रानात होती.

पुढल्या हंगामात सुमरती आली, पण उतरली महादेवरावांकडं. त्यांचं रान शाळेला लागून होतं. गोजरबाईंनी ओट्यावर बसून बायांना सांगितलं की अशा लोकांना उपकाराची जाणीव नसते. मग त्या उठल्या आणि मजूर शोधायला निघाल्या.