मापांच्या वहीतलं अरबी

काकूंनी गणवेशाचा एकशे तिसावा शर्ट मशीनवरून खाली ओढला, अवघडलेली मान चोळली आणि म्हणाल्या, "हं, सांगा पुढचं."

समोर खुर्चीत मिस्त्री बसले होते. मिस्त्री म्हणजे काकूंचे यजमान. बावीस वर्षं तिकडे अरबांच्या मुलखात एसी दुरुस्त करायचे आणि वर्षाआड महिनाभर घरी यायचे, पाहुण्यासारखे. यंदा आले ते पार उतरलेल्या चेहऱ्याने. विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही गं, प्रवासाचा शीण." महिना संपत आला, तरी हा कसला मेला शीण, उतरायचं नावच घेत नाही! शेवटी काकूंनी हट्ट धरला. या वेळी मीही येणार. तुम्हाला काही झालं तर डॉक्टरला सांगायला कुणी हवं की नको? आणि सांगायचं तर भाषा हवी. निघायला उरले चार दिवस, शिवायचे शर्ट उरले सत्तर. जीव नुसता मेटाकुटीला आला होता.

हाताशी मापांची वही होती, तिच्यातच शिकवणी सुरू झाली. वहीत मिस्त्रींचंही एक पान होतं, कारण दर सुट्टीत काकू त्यांना दोन शर्ट शिवून द्यायच्या. त्याच पानाच्या कोऱ्या भागात त्या लिहीत होत्या.

"'आसिफ' म्हणजे माफ करा," मिस्त्री सांगत होते. "'हाजिर' म्हणजे लगेच करतो, साहेब. 'बुकरा' म्हणजे उद्या. 'खलास' म्हणजे झालं काम."

"आणि 'मी दमले'?"

मिस्त्रींनी कपाळ खाजवलं. "ते नाही बुवा माहीत."

"बरं, 'जरा बसू का?'"

"तेही नाही."

"अगं बाई! बावीस वर्षं माफ करा आणि लगेच करतो एवढ्यावरच काढलीत?"

"भागतं तेवढ्यावर," मिस्त्री म्हणाले. "बाकीचं कोण विचारतंय?"

काकूंना हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला. डोळे इतके शिणले होते की दोरा दोनदा चुकला.

"मुख्य ते राहिलंच की," त्या म्हणाल्या. "'छातीत दुखतंय' कसं म्हणायचं? तुम्हाला कुठलं येणार म्हणा, कुणाला तरी विचारावं..."

"सद्री यअव्वरनी," मिस्त्री म्हणाले. कपाळ न खाजवता, एका दमात.

काकूंच्या हातातला दोरा तसाच राहिला. त्यांनी वर पाहिलं. मिस्त्रींनी मान खाली घातली.

"किती वेळा म्हणालात हे?"

"जाऊ दे ना."

"किती वेळा?"

"तीनदा. तिसऱ्यांदा जिन्यातच बसलो. कंपनीच्या गाडीवाल्याने दवाखान्यात नेलं."

"आणि मला फोनवर म्हणालात, ओव्हरटाइम आहे!"

"तू इथे एकटी. सांगून काय झालं असतं?"

"काय झालं असतं? रडले असते, दुसरं काय! तेवढंही नव्हतं का माझ्या वाटणीला?" काकूंचा आवाज फाटला. त्यांना राग आला होता, मिस्त्रींचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. समोरच्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: छाती चाळीस, एकोणचाळीस, सदतीस, आणि या खेपेला छत्तीस. दर सुट्टीला टेप आवळत गेली आणि या बाई समजत होत्या, तिकडचं जेवण मानवत नसेल.

मग काकूंनी पदराने डोळे पुसले आणि पेन्सिल उचलली.

"आता शेवटचं. 'मला घरी जायचंय' कसं म्हणतात?"

मिस्त्रींनी खरंच आठवून पाहिलं. ओठ हलले, थांबले. "नाही येत गं," ते म्हणाले. "ते कधी म्हटलंच नाही कुणाला."

"मग मला म्हणा. मराठीत म्हणा."

मिस्त्री खिडकीकडे बघत राहिले. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं.

"मला परत नाही जायचं," ते म्हणाले. "थकलो गं मी."

"मग नका जाऊ," काकू म्हणाल्या. त्यांनी वही मिटली, आणि ओवायचा राहिलेला सुई-दोरा मिस्त्रींच्या हातात दिला. "हा ओवा तेवढा. मला दिसत नाहीये."